धुऱ्यावरची मोजदाद

वर्धा शहराला चिकटलेल्या गावांच्या पाट्या एका दमात वाचून बघा. बोरगाव (मेघे), सिंदी (मेघे), उमरी (मेघे), पिपरी (मेघे), सावंगी (मेघे). कंसातलं आडनाव सगळ्यांचं एकच. कंसाबाहेर बोर, शिंदी, उंबर, पिंपळ. या ओळीत सावंगीच तेवढी बिनझाडाची दिसते, आणि मी राहतो नेमका सावंगीत.

इथे १९९० साली मेडिकल कॉलेज आलं. मग विनोबांच्या नावाचं मोठं रुग्णालय, वसतिगृहं, मेस, झेरॉक्सची दुकानं, भाड्याच्या खोल्या. वावरांचे लेआउट पडले. माझा सोफा आहे त्या जागी पराटी उभी असायची, असं ज्यांचं ते वावर होतं ते काका सांगतात. जुन्या सातबाऱ्यावर कापूस, तूर, ज्वारी सापडेल. धुऱ्यावर काय होतं ते कुठल्याच उताऱ्यावर नाही.

धुरा. पुण्याकडचे याला बांध म्हणतील. दोन वावरांमधली चार-पाच हातांची पट्टी. पेरणी तिथे थांबते, औत तिथे वळतं. या पट्टीपायी सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढले, पण तिच्यावरचं एकही झाड त्यांच्यापैकी कुणी लावलेलं नव्हतं. पाखरांनी, शेळ्यांनी, नाल्याच्या पुराने आणि चालता चालता बोर खाऊन बी थुंकणाऱ्या माणसांनी ते लावलं. लेआउट पाडताना जेसीबीने एका सकाळी सगळे धुरे सारखे केले. नियमाप्रमाणे दहा टक्के ‘ओपन स्पेस’ सोडली आणि तिला तारेचं कुंपण घातलं. झाडं तोडली म्हणून कुणी ओरडलं नाही. ज्याला माणूस झाड म्हणतो तसं तिथे फारसं नव्हतंच. झुडपं होती, वेल होते, काटे होते. पुढे जी नावं घेणार आहे त्यांतलं एकही जगातून नाहीसं झालेलं नाही. त्यांची उभं राहायची जागा गेली.

बोराटी. बोरीच्या तोडलेल्या फांद्यांचं कुंपण. दिवाळी झाली की फांद्या तोडायच्या, दुबेळक्याने उचलून एकीत एक गुंतवायच्या, वरून दगड ठेवून दाबायच्या. ढोर आत शिरत नाही, रानडुक्करही दोनदा विचार करतं. वर्ष-दीड वर्षात वाळवी त्याची माती करते, मग पुन्हा नवं. पैशाचा खर्च नाही. ओरखडे कुणी मोजत नव्हतं. शेजारच्या प्लॉटच्या कोपऱ्यात मागच्या वर्षी बोरीचं रोपटं आपसूक उगवलं होतं. मालकीणबाईंना म्हटलं, राहू द्या. त्या म्हणाल्या, “कायले जी? लेकराच्या पायात काटे गेले म्हंजे?” बाईंचं चुकलं असं म्हणवत नाही. अनवाणी फिरणारी लेकरं काटा काढायला शिकत होती. क्रॉक्स घालणाऱ्यांना तो टोचतो तेव्हा थेट दवाखाना गाठावा लागतो, आणि सावंगीत दवाखान्याची उणीव नाही.

बोरं मिळतात. बाजारात उमराण येतं, लिंबाएवढं, गोडसर, पाणचट. संक्रांतीनंतर बोरन्हाणाला ते बाळाच्या डोक्यावरून ओतलं तर टेंगूळ यायचं, म्हणून आता चुरमुरे आणि चॉकलेटं जास्त, बोरं चवीपुरती. गावठी बोर करवंदाएवढं, अर्धं बी. वाळवून, कुटून त्याचं बोरकूट व्हायचं आणि शाळेच्या फाटकाशी कागदाच्या पुडीत मिळायचं.

काटवल. बोराटीवर चढायचं. कंद जमिनीत झोपलेला, मृग बरसला की वेल वर. याचा नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा. नराला फळ धरत नाही म्हणून नवखा माणूस त्याला उपटून टाकतो, आणि पुढच्या साली मादीही रिकामी राहिली की बियाण्याला शिव्या देतो. कंपाउंडच्या प्लास्टर केलेल्या भिंतीवर या वेलाच्या तणाव्यांना धरायला काही नाही. आता काटवल श्रावणात बाजारात दिसतं, आणि भाव ऐकून हात मागे घेतला जातो.

गुंज. तीही बोराटीतलीच. शेंग वाळून उकलली की आत लाल मणी, प्रत्येकाला काळा डोळा. आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा. म्हणजे तोळाभर सोन्यापाठी शहाण्णव गुंजा. सराफाच्या काचपेटीत आता आकडे लाल दिव्यांनी उमटतात. बी विषारी, चावून खाल्लं तर जिवावर बेततं. म्हणून लहानपणी गुंजा हातात दिल्या की आई समोर बसून राहायची, मोजून द्यायची आणि मोजून परत घ्यायची.

माझा भाचा फ्लोरिडात असतो. त्याला गुंजेचा फोटो पाठवला तर म्हणाला, मामा, इथे हिला उपटायच्या मोहिमा निघतात. तिकडे ती उपद्रवी परदेशी वेल आहे. आमच्याकडे शोधायला निघालो तर वेल सापडायला अर्धा दिवस जातो.

शिंदी. सिंदी (मेघे) मध्ये किती शिंद्या उरल्या ते मोजायला गेलो होतो. दोन्ही हातांच्या बोटांपुढे जाता आलं नाही; ज्या दिसल्या त्यांतल्या दोघींना विजेच्या तारांखाली आल्याची शिक्षा झालेली होती. शिंदी नाल्याकाठची, विहिरीकाठची. विहिरीवर कललेल्या झावळीला सुगरणीचे खोपे लोंबायचे, खाली पाणी, म्हणजे साप आणि पोरं दोघांपासून बचाव. झावळ्यांच्या झाडण्या व्हायच्या, चटया व्हायच्या. खोडाला संध्याकाळी लावलेल्या गाडग्यात पहाटे नीरा. उन्हं वर आली की तीच आंबून शिंदी. झाड आणि पेय एकाच नावाचं. दारूबंदीच्या जिल्ह्यात हे नाव गावाच्या पाटीवर राजरोस झळकतं, याची गंमत वाटते. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू झाला तेव्हा नीरा आंबण्याआधीच आटवून गूळ करावा, म्हणजे झाडही राहील आणि व्यसनही टळेल, हा विचार तिथल्या कामात होता. तो गूळ काळसर असतो, जिभेवर धुराची चव मागे ठेवतो.

भाच्याने आणखी एक फोटो पाठवला. हॉटेलचं दार, दोन्ही बाजूंना ओळीने ताठ शिंद्या, रात्री खालून दिवे सोडलेले. तिकडे त्यांना ‘सिल्व्हेस्टर पाम’ म्हणतात. समुद्रकाठच्या बंगल्यांना, हॉटेलांना हौसेने लावतात, मोठं झाड ट्रकवर निजवून आणतात. फोटो सिंदी (मेघे) च्या एका म्हाताऱ्यांना दाखवला. त्यांनी मोबाईल डोळ्यांशी धरला, लांब नेला, पुन्हा जवळ आणला. “खोड लय साफ सोललं बापा,” एवढंच म्हणाले.

हिवर. भुरकट सालीचा, पसरट, बाभळीचा भाऊ. शेंगांवर शेळ्यांचा जीव.

भोकर. फळाच्या आतला चिकट बलक हाच आमचा डिंक. वहीची पानं, पतंग, फाटलेलं दप्तराचं पुस्तक, सगळं त्यावर चिकटायचं आणि पावसाळ्यात बुरशी धरून सुटायचं. कोवळ्या भोकरांचं लोणचं घालतात. बरणीत ते अजून भेटतं, झाडावर मी पाच वर्षांत पाहिलेलं नाही.

पळस. हा गेला असं म्हणता येणार नाही. शिमग्याच्या सुमारास सेलूच्या रस्त्याने जा, पेटलेला दिसेल. गेलं ते त्याच्याकडचं काम. पूर्वी घरात पळस सगळीकडे असायचा आणि कुणी पळस म्हणून त्याच्याकडे पाहायचं नाही. पानांच्या पत्रावळी आणि द्रोण. मुळ्या कुटून त्यांचे चुना द्यायचे कुंचे. फुलं उकळून रंग. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी, तेव्हा बैलाच्या खांद्याला लोणी-हळद लावायची ती पळसाच्या पानानेच, आणि त्याच्या कानाशी उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. पोळ्याला दाराशी पळसाचे मेढे लावायचे; दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ते काढून, घरातली इडापिडा त्यांच्यासोबत गावाबाहेर टाकून यायची. त्याच दिवशी लहान पोरांचा तान्हा पोळा, लाकडी बैलांचा. जिल्ह्यात त्यासाठी नाव आहे ते सिंदी (रेल्वे) चं, आमच्या शेजारच्या सिंदीचं नव्हे.

मेढे अजून येतात. पोळ्याच्या सकाळी दोन पोरं सायकलवर भारा बांधून लेआउटमध्ये हाक देत फिरतात. फ्लॅटच्या सेफ्टी डोअरला लोक मेढा खोचतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे इडापिडेसकट घंटागाडीत टाकतात. गावाबाहेर टाकायचं तर गाव कुठे संपतं हे माहीत हवं. सावंगी संपते तिथे वर्धा सुरू होतं आणि वर्धा संपतं तिथे पुढचं ‘मेघे’.

पत्रावळीचं मात्र पुरतं आटोपलं. २०१८ साली राज्यात थर्मोकोलच्या ताटांवर बंदी आली तेव्हा वाटलं होतं, आता पळसाला बरे दिवस येतील. आल्या त्या कागदी ताटल्या, वर चंदेरी मुलामा.

तरोटा. याच्यासाठी आधी माझी फजिती सांगावी लागेल.

घर बांधलं तेव्हा अंगण नर्सरीवाल्याच्या हवाली केलं. कोणती नर्सरी ते राहू द्या, गृहस्थ सज्जन होता. त्याने मोबाईलवर एक बाग दाखवली: हिरवळ, कडेने ॲरेका पाम, कोपऱ्यात दोन नारळ, पिवळ्या डुरांटाची छाटलेली किनार. “सर, एकदम गोवा फील.” मला ते आवडलं, हे लपवत नाही. सावंगीपासून समुद्र सहाशे-सातशे किलोमीटर. ॲरेका पाम मूळचा मादागास्करचा, डुरांटा अमेरिकेचा, नारळाला दमट वारा हवा. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि काळी जमीन हात घालता येईल एवढ्या भेगा टाकते. पहिल्या उन्हाळ्यात पामच्या टोकांनी तांबूस रंग धरला, मग पानं वाळली. हिरवळीचा गालिचा जमिनीबरोबर तडकला. टँकर मागवले. नर्सरीवाला म्हणाला, ग्रीन नेट लावा. लावलं. वावधनाने ते उडवून शेजारच्यांच्या टाकीवर नेऊन घातलं.

जूनमध्ये पाऊस पडला आणि आठवड्यात हिरवळीच्या जागेवर तरोटा उभा राहिला. दाट, एकसारखा, नर्सरीवाल्याने फोटोत दाखवला होता त्याहून हिरवा. मी उपटायला बसलो. फाटकाशी एक आजी थांबल्या, समोरच्या बांधकामावरच्या मुकादमाच्या आई.

“इतली भाजी उगोली अन् तुमी फेकून राह्यले?”

त्यांनी आत येऊन, उकिडवं बसून, माझ्याच अंगणातून ओचाभर खुडली. फक्त शेंडा आणि वरची दोन-तीन पानं. मला खुडायला शिकवताना नखाने दाखवलं: देठ टचकन तुटला तर घ्यायचं, वाकला तर सोडायचं. फूल आलं की भाजी संपली. घरी नेऊन लसूण, हिरवी मिरची आणि भिजवलेली तुरीची डाळ घालून परतायची, सोबत ज्वारीची भाकर. चव सांगायची तर मेथीपेक्षा उग्र, शेवटी किंचित कडू. आमच्याकडे दोघांना आवडली, मुलाने पिझ्झा मागवला. संध्याकाळी तो अंगणात पाणी तुंबलंय का पाहायला गेला आणि हाक मारत आत आला: त्या झाडांनी पानं मिटली. तरोटा दिवेलागणीला पानं मिटून झोपतो. मी खेड्यात वाढलो आणि हे विसरलो होतो.

तरोट्याच्या बिया भाजून त्यांची कॉफी करतात. बियांतून निघणारा डिंक परदेशात कुत्र्यामांजरांच्या डबाबंद खाण्यात पडतो. गाजरगवत हटवायचं असेल तर तिथे तरोटा पसरवा, हा सल्लाही जुना आहे. एवढं सगळं करून ते ‘तण’.

आता कडेला अडुळसा लावला आहे. गुरं खात नाहीत, उन्हाळा सोसतो, खोकल्याला पान मिळतं. नर्सरीत मागितला तेव्हा मालक हसला. शेवटी पिपरीच्या एका जुन्या वाड्याच्या सांदवाडीतून फांद्या आणल्या. फुकट, वर चहा.

सीताफळ आणि चिंच. यादीत यांना घ्यावं का, यावर मी अडलो होतो. सीताफळ अमेरिकेतलं, चिंच आफ्रिकेतली. वावरातली पराटीसुद्धा आता अमेरिकी जातीची, २००२ पासून बीटी. मग परका कोण? माझ्यापुरती कसोटी ठेवली: मे महिन्यात पाणी न मागता जो जगेल तो गावचा. चिंच पास. सीताफळ पानं गाळून पास. गुलमोहरही मादागास्करचाच, पण रखरखीत उन्हात फुलून दाखवतो, त्यामुळे त्याला नापास करवत नाही. कोनोकार्पसही या परीक्षेत बसला तर पहिल्या वर्गात येईल, हा कसोटीतला दोष मला दिसतो. समुद्रकाठच्या कुळातला, कुठेही वाढतो. गुजरात सरकारने २०२३ साली त्याच्या लागवडीवर बंदी घातली. त्याला मी कसोटीबाहेर ठेवलं आहे. माझी यादी, माझा पक्षपात.

आपटा. दसऱ्याला सोनं म्हणून जे वाटलं जातं त्यातलं बरंचसं कांचन असतं. पान तसंच दुभंगलेलं, फक्त मोठं. खऱ्या आपट्याच्या फांद्या ओरबाडून झाड खुरटलं, मग कांचनावर पाळी आली.

आघाडा. भादव्यात महालक्ष्म्यांच्या वेळी लागतो. उकिरड्याच्या कडेला, कोठ्याच्या भिंतीलगत हवा तेवढा असायचा, लुगड्याला चिकटून घरात यायचा. कोठा नाही, उकिरडा नाही. आता फुलवाल्याकडे दुर्वांच्या जुडीसोबत रबर लावून मिळतो. बेल, रुई, धोतरा, शमी यांचंही असंच. देवाला लागतात म्हणून त्यांची निदान विचारपूस होते. भोकराला कुणी देव नाही.

नावाची झाडं. सेवाग्राम इथून गाडीने अर्ध्या तासावर. आश्रमाच्या आवारात १९३६ साली गांधीजींनी लावलेला पिंपळ दाखवतात, कस्तुरबांनी लावलेली बकुळ दाखवतात. लोक खाली उभे राहून फोटो काढतात, मीही काढला आहे. कडुनिंबाला तशी पाटी नाही, पण आश्रमाच्या पंगतीत त्याच्या पानांची चटणी पाहुण्यांनाही चुकत नसे. पंगतीतले कोणकोणते मोठे लोक ती कशी गिळत असतील, हे त्या स्वयंपाकघराच्या दाराशी उभं राहिलं की डोळ्यांपुढे येतं.

उंबर. उमरीच्या रस्त्यावर एक होता. रुंदीकरणात खुणेचा पांढरा पट्टा लागला तेव्हाच कळलं.

सागरगोटा. याला गजगाही म्हणतात, आयुर्वेदवाले लताकरंज म्हणतात आणि तापावर देतात. काटेरी जाळी, शेंगेलाही काटे, आत दोन-तीन राखाडी गोटे. गुळगुळीत, एकमेकांवर आपटले की चिनीमातीसारखे वाजणारे. नावातच सागर आहे. बी पोकळ आणि टणक, समुद्रात तरंगतं, महिनोन्महिने वाहत जाऊन कुठल्याही किनाऱ्यावर रुजतं. भाच्याला तो फ्लोरिडाच्या वाळूत उगवलेला सापडला, तिकडचा तो मूळ रहिवासी. खिसाभर गोळा केले म्हणाला, पण बिया विमानातून आणू देत नाहीत. आमच्या धुऱ्यावर तो कसा आला असेल? मला वाटतं, बायकांच्या ओच्यातून. लेक सासरी जाताना खेळायचे गोटे घेऊन जाते, दोन-चार हरवतात.

आजीच्या पेटीत पाच होते. एक मी दगडावर घासून, दोन रात्री पाण्यात ठेवून कुंपणाकडेला पुरला, तो सडला. दुसरा उगवला, हातभर झाला. श्रावणात ओपन स्पेसमधलं गवत कापायला मशीन आलं, त्यात तोही कापला गेला. उरले तीन.

वरच्या मजल्यावर भाडेकरू आहेत, त्यांची आठ वर्षांची मुलगी परवा खाली आली. टेबलावरचे गोटे हातात घेऊन वाजवत बसली. खेळ शिकवा म्हणाली. एक वर उडवायचा, तो खाली येईतो बाकीचे उचलायचे, उडवलेला झेलायचा. पाच लागतात. दोन खडे समोरच्या रस्त्याच्या गिट्टीतून आणले. गिट्टी जड, वर कळ्या निघालेल्या. तिसऱ्या डावात तिच्या तळव्याला खरचटलं. तिने दोन्ही खडे दाराबाहेर भिरकावले, तळवा फ्रॉकला पुसला आणि मांडी घालून पुन्हा बसली.

“तीनवरच खेळू,” म्हणाली.